गिरणीची भिंत

मिलानने गिळलेल्या या छोट्या गावात मुलीकडे राहायला आले, तेव्हा वाटलं, इथं गाव असं काही उरलेलंच नाही. तुतीची झाडं गेली, रेशमाची गिरणी गेली, राहिली ती गिरणीची एक भिंत. कुणी वारलं की त्याच्या नावाचा कागद तिच्यावर चिकटवतात. आमच्याकडे चौकातल्या फळ्यावर खडूने लिहायचे, तसंच. भाजीला निघालेली माणसं पिशवी खाली ठेवतात, आपलं कुणी नाही ना एवढं बघतात आणि मगच पुढे जातात.

तापामुळे मी चार दिवस घरातच होते. पाचव्या दिवशी बाहेर पडले, तर चौकातल्या बाकावर पिएरीनाबाई नव्हत्या. वय ऐंशीच्या पुढे, तरुणपणी याच गिरणीत कामाला होत्या, आणि माझं मोडकंतोडकं इटालियन रोज हसत ऐकायच्या. मी तडक भिंत गाठली.

तिथं एक म्हातारी चष्मा कपाळावर चढवून, नाक भिंतीला लावून कागद न् कागद वाचत होती. पिएरीनाबाईच! मी ओरडूनच हाक मारली. त्या वळल्या, मला पाहिलं आणि छातीवर हात ठेवून मटकन पायरीवर बसल्या.

"चार दिवस होतीस कुठं गं?" त्या चिडून म्हणाल्या. "रोज येऊन तुझं नाव शोधतेय मी इथं!"