नेमेसिया आणि पांढरा ढग

बटाट्याला फुलोरा आला की नेमेसियाचं सगळं डोंगरगाव गारांच्या धास्तीनं आभाळाकडे डोळे लावून बसतं. त्या वर्षी ती मात्र दाराला आतून कडी घालून बसायची. चूल थंड, लोकरीची चाती कोपऱ्यात पडलेली, घास तोंडात मातीसारखा फिरायचा.

पाचव्या महिन्यात तिचं मूल पोटातच गेलं होतं. नवरा दूर खाणीवर. एकटीनंच तिनं ते चिंधीत गुंडाळून मेंढवाड्याच्या भिंतीशी पुरलं आणि ब्र काढला नाही. बिननावाचं मूल गुपचूप पुरलं की ते रडून गारांना बोलावतं, हे तिथं शेंबड्या पोरालाही ठाऊक.

एके दुपारी डोंगरावर पांढरा ढग चढला. ढग पांगवायला पुरुषांनी दारूचे बाण उडवले, चर्चची घंटा घणघणू लागली. प्रत्येक आवाजासरशी नेमेसिया अंग चोरायची.

"दार उघड गं! मेंढ्या उपाशी ओरडतायत आणि तू नव्या नवरीसारखी कोंडून बसलीयस!" बाहेरून सासू कासिल्दा कडाडली.

दार उघडून नेमेसिया तिच्या पायांशीच कोसळली. "मामाय, तो ढग मला शोधत आलाय."

म्हातारीनं तिच्या पोटाकडे पाहिलं. "कुठं पुरलंस?"

मेंढवाड्याच्या भिंतीशी बसून कासिल्दानं मीठपाणी शिंपडलं, बोटानं क्रूस काढला. "नाव सांग."

नाव केव्हाच ठरलं होतं. पण उच्चारलं की लेकरू खरंच गेलं, या भीतीनं नेमेसियाची जीभ उचलेना.

"सांग बाई, माझे गुडघे काय उद्यापर्यंत टिकणारेत?"

"आनाक्लेतो."

तेवढ्यात एक गार पडली. मग गारा तडातडा पडतच राहिल्या. सगळ्यांचीच शेतं झोडपून निघाली, या दोघींचंही.

"उशीर झाला, मामाय! त्यानं ऐकलंच नाही!"

"गप. माझीही दोन लेकरं आहेत या भिंतीशी, नावानिशी. तरी गारा पडायच्या त्या पडल्याच."

गारा थांबल्यावर गावचा मुखिया हुस्तो दारोदार विचारत आला. "कासिल्दाबाई, तुमच्यात कुणी बिननावाचं पुरलंय का?"

सासूच्या आधी नेमेसियाच बोलली, "आमच्यात सगळ्यांना नावं आहेत."

हुस्तोनं तिच्याकडे टक लावून पाहिलं, छातीवर क्रूसाची खूण केली आणि पुढच्या दाराकडे वळला.

सोमवार मृतात्म्यांचा. त्या सोमवारी तिनं भिंतीशी तीन मेणबत्त्या लावल्या आणि अर्धी वाटी सूप प्यायली. आभाळ पांढरं झालं की अजूनही तिच्या हातातली चाती थांबते. पण तेव्हा ती सासूच्या घरी जाऊन बसते, दाराला कडी घालत नाही.