ताज्या रंगावरचं कुंकू

बातमी मला कुणी आणून दिली नाही. मी तिच्या खाटेशेजारीच बसलो होतो. सुरतेत, भेस्तानच्या आमच्या खोलीत, दुपारच्या चहाच्या वेळेला. कोकिळा म्हणाली, "मिस्तरी, चहा आज नुसता पानी शे," आणि कप माझ्या हातात देऊन कुशीवर वळली. मी म्हटलं, दुसरा करू का... उत्तर नाही. आमच्या एवढ्या संसारात मी काही बोललो आणि तिनं उत्तर दिलं नाही असं एकदाही झालं नव्हतं, म्हणून मला कळलं. डॉक्टर मागून आला, हृदय म्हणाला, निघून गेला. तो पाणचट चहा मी नंतर स्वतः पिऊन बघितला. तिचं बरोबर होतं.

पुढचे दिवस माणसं येत राहिली. जो तो म्हणे, बाई गरीब गाय होती हो, कधी मान वर करून बोलली नाही. मी ऐकून घेतलं, पण मला राग यायचा. ही कुठल्या बाईबद्दल बोलतात? कोकिळा माझी बायको होती, मला माहीत आहे. मान वर करूनच बोलायची, भांडायची पण खणखणीत, आणि भांडण झालं की पहिली तीच हसायची. आणि एक गोष्ट कुणीच बोललं नाही, की गाडीच्या ताज्या रंगाला हात लावावा तर तिनं. मी आयुष्यभर गाड्या रंगवल्या, तिच्यासारखा हात बाईचा काय, बाप्याचाही बघितला नाही. म्हणून हे लिहायला बसलो. मी चौथीपर्यंत शिकलो. अक्षराच्या चुका मुलीनं काढल्यात, बोलणं माझं आहे.

आम्ही धुळ्याकडचे. गावाकडून सुरतेत आलो ते माझ्या हातातल्या रंगकामावर. मी दुसऱ्याच्या गॅरेजात पेंटर, आणि ती घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवायची. माशीच्या डोळ्याएवढ्या त्या टिकल्या, संध्याकाळपर्यंत तिची मान अवघडून जायची. नव्वदच्या पुढची सालं असतील, मी भेस्तानलाच रस्त्याकडेला पत्र्याची एक शेड घेतली आणि स्वतःचं काम चालू केलं. ती डबा घेऊन यायची. डबा उघडायच्या आधी गाडीवर हात फिरवायची, डोळे मिटून. म्हणायची, "आठे उंच शे." मी बघायचो तर खरंच तिथं पुट्टी जराशी वर राहिलेली असायची. मग तीच पाण्याचा घासकागद घेऊन घासायला बसायची. बसली ती बसलीच. टिकल्यांची पेटी घरी तशीच बंद राहिली.

लोकांना वाटतं रंगकाम म्हणजे फवारा मारला, झालं. खरं काम त्याच्या पुढं असतं. ताजा रंग वरून वाळलेला दिसतो, पण तो तापलेल्या दुधासारखा असतो, वर साय धरलेली आणि खाली अजून ऊन. महिनाभर तरी त्याला जपावं लागतं. साबण नाही, मेणाचं पॉलिश नाही, वरून कापडाचं कव्हर नाही, झाडाखाली उभी करायची नाही, कारण कावळ्याची घाण आणि झाडाचा चीक दोन्ही वाईट. आणि सुरतेची हवा म्हणजे कापडाच्या लूमचा रुवा, धाग्याची तुसं, उडतोच आहे. हे सगळं मी तिला एकदाच सांगितलं, मग तीच मला सांगायला लागली. गाडीपाशी स्टूल टाकून बसायची आणि माशी बसली तरी हाकलायची. पुसायच्या फडक्याचंही तिचंच डोकं. अख्ख्या सुरतेत कापडाला तोटा नाही, चिंध्यांचे ढीग पडलेले, पण सगळं पॉलिस्टर. ते पाणी पीत नाही आणि रंगाला ओरखडे काढतं. तिनं गावाहून आपल्या आईचं जुनं सुती लुगडं आणवलं, धुऊन धुऊन लोण्यासारखं मऊ झालेलं, आणि फाडून त्याची फडकी केली. आईला कळलं असतं तर काय म्हणाली असती, मी विचारलं. "आई म्हनती, माले गाडीमा बसाड आधी!"

शेडची जागा होती धनसुखशेठची. कडोदऱ्याकडे त्यांचे लूम होते, माणूस वाईट नव्हता, पण जगाला भिऊन वागणारा. एकदा भाड्यासाठी आले आणि कोकिळाला कोपरापर्यंत कंपाउंडनं, रंग घासून चमकवायच्या लेपानं, भरलेल्या हातांनी बघून दारातच थांबले. "गॅरेजमां बाईमाणस? घराक शुं कहेशे?" मी म्हटलं, गिऱ्हाईक काम बघेल, बाई कशाला बघेल. ते म्हणाले, "बघतातच, भाई. मला चार लोकांत राहायचं आहे." मग दारात उभ्या उभ्याच त्यांनी निवाडा केला. त्यांच्या पांढऱ्या अँबेसेडरला टेम्पोनं पुढून धडक दिली होती. ती आम्ही करायची, दसऱ्याच्या सकाळी ते घेऊन जाणार. गाडी डाग-खोट न लागता मिळाली तर बेन भले शेडमध्ये राहो. काही उणं निघालं तर बेन घरी. ते गेल्यावर कोकिळा मला म्हणाली, "परत माले टिकल्या लावाले धाडू नका, मिस्तरी. मी मरी जासू." हसत म्हणाली, पण डोळे हसत नव्हते.

गाडी झाली अशी की मलाच विश्वास बसेना. बोनेट आरशासारखं. दसऱ्याला चार-पाच दिवस राहिले असताना शेवटचा हात मारला आणि पुढं राखण कोकिळाची. बायकापोरं बघायला येत, ती कुणाला हातभर अंतराच्या आत येऊ देत नव्हती. शेजारच्या वेल्डरनं टेकायचा प्रयत्न केला तर त्याला म्हणाली, "भाऊ, तुमची बायको नाही ती, लांब उभं राहा." खंडेनवमीला आमची सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडली. रंगाची गन, कॉम्प्रेसर, पुट्टीचे पत्रे, हातोड्या. एकदा पूजेला बसली की दसऱ्याची संध्याकाळ होईपर्यंत हत्यार उचलायचं नाही, ही आमची रीत. दसऱ्याच्या सकाळी मी झेंडूचे हार आणि आपट्याची पानं आणायला बाजारात गेलो, ती शेडकडे पुढं गेली.

परत आलो तर उदबत्तीचा वास, पाटावर फुलं, आणि पांढऱ्या बोनेटच्या मधोमध कुंकवाचं मोठं ओलं स्वस्तिक. सुंदर काढलं होतं. उन्हाची तिरीप त्यावर आलेली, कडा सुकायला लागलेल्या. माझ्या हातातून हार पडला. मी फडकं भिजवून पुसायला धावलो. कुंकू निघालं, आणि त्याच्याखाली तेवढंच स्वस्तिक गुलाबी रंगात तसंच राहिलं. रंगानं ते पिऊन घेतलं होतं.

मी ओरडलो. जे तोंडात आलं ते बोललो. तीही गप्प बसणारी नव्हती. "साबण सांगितला तुम्ही, मेण सांगितलं, कावळा सांगितला. कुंकू सांगितलं का?" नव्हतं सांगितलं. कोण सांगेल? जी बाई माशीला बसू देत नव्हती, तिच्या लेखी कुंकू ही वस्तूच नव्हती. पहिली अख्खी गाडी तिच्या हाताची, सणाचा दिवस, तिनं ते लावलं नसतं तरच नवल.

मी म्हटलं, गन काढतो, बोनेट आत्ता मारतो. ती पाटापुढं आडवी झाली. पूजेतलं हत्यार उचलू द्यायला तयार नाही. म्हटलं, मग शेठला काय सांगू? ती म्हणाली, "हात थोडीच पूजामा ठेयेल शेतस!" आणि लुगड्याचं फडकं, पाणी, जरासं कंपाउंड घेऊन घासायला लागली. बोटाची दोन टोकं, हलकी, गोल गोल, मग सरळ. गुलाबी फिकं होत गेलं. फिकं, आणखी फिकं... पण गेलं नाही. मी म्हटलं, घास अजून, जाईल. तिनं हात उचलून घेतला. म्हणाली, आता घासलं तर रंग कापला जाईल, खालचं अस्तर उघडं पडेल. जायचं ते गेलं. तिचा आवाज एकदम लहान झाला होता. तेवढ्यात रिक्षा थांबल्याचा आवाज आला. मी सगळ्यात मोठा झेंडूचा हार उचलून त्या जागेवर पसरून टाकला. तिनं माझ्याकडे फक्त बघितलं.

पुढून त्यांचा ड्रायव्हर उतरला, मागून शेठ, आणि त्यांच्या हाताला धरून त्यांची म्हातारी आई. सगळे तिला बा म्हणायचे. बांच्या हातात पूजेचं ताट. गाडी बघून बा एवढ्या खूश झाल्या की आधी गाडीभोवती एक फेरी मारली. मग कुंकवाच्या वाटीत पाणी घातलं, बोट बुडवलं आणि दुसऱ्या हातानं बोनेटवरचा हार बाजूला सारायला वाकल्या, साथियो काढायला. साथियो म्हणजे तेच, स्वस्तिक. तुम्हाला सांगतो, माझ्या छातीवरचा दगडच उतरला. आता म्हातारी स्वतःच्या हातानं तिथंच कुंकू काढणार, खालचं गुलाबी त्यात झाकून जाणार, आणि उद्या डाग दिसला तर तो शेठच्या आईचा. कुणी कुणाला काही बोलू शकणार नाही. कोकिळा शेडमध्ये राहणार. देवच धावला म्हणायचं.

आणि कोकिळानं बांचं मनगट धरलं.

सणाच्या दिवशी, कुंकवात भिजलेलं बोट, शेठची आई, आणि आमच्या बाईनं तिचा हात हवेत धरून ठेवलेला. "बा, थोभो! रंग कच्चा आहे!" शेठ पुढं झाले. रिक्षावाला पण बघायला लागला. कोकिळानं हार स्वतःच उचलला. अर्धं मराठी, अर्धं गुजराती, तिला जसं यायचं तसं बोलली, "हे बघा. सकाळी मीच काढलं. याने पिऊन घेतलं. तुम्ही काढाल तर ते पण पिईल, आणि मग तुमच्या कुंकवाला मला घासावं लागेल. ते नाही करणार मी."

शेठ वाकून बघत राहिले. मान वर केली ती माझ्याकडे. "में शुं कह्युं हतुं, भाई?" काय ठरलं होतं... मी म्हटलं, ठरलं होतं शेठ. बोनेट मी परत मारून देतो. बाईचं तुम्ही बोला.

बोलल्या त्या बा. मनगट अजून कोकिळाच्या हातातच होतं. मुलाला म्हणाल्या, हिला कुणी विचारलं होतं का? मी काढलं असतं तर हिचं झाकलं गेलं असतं, एवढं तुझ्या ध्यानात येतं का? मग बा कोकिळाकडे वळल्या, "तो हवे साथियो क्यां करुं, दीकरी?" कोकिळा म्हणाली, "काचेवर करा, बा. काच पीत नाही." बांनी पुढच्या काचेवर स्वस्तिक काढलं, चांगलं मोठं. शेठ कुरकुरले, ड्रायव्हरला रस्ता कसा दिसणार. बा म्हणाल्या, तू पुढं बसून सांग त्याला. तेव्हा पहिल्यांदा शेठ हसले.

नारळ फुटला. जाताना शेठनं गाडीचं दार उघडलं, मग थांबले. बोलले ते माझ्याशी नाही, तिच्याशी. "बेन, पाणी क्यारे मारवानुं?" गाडी कधी धुवायची. ती भानावर येऊन धडाधड सांगायला लागली. नुसत्या पाण्यानं धुवा, सावलीत धुवा, साबण नको, कव्हर नको, चिंचेखाली लावू नका, पॉलिश मीच करीन दिवाळी होऊ द्या. शेठ एकेक गोष्टीला मान हलवत होते. गाडी वळली आणि ती मटकन स्टुलावर बसली. मी म्हटलं, काय वं, घरी नाही जायचं ना आता? म्हणाली, "घर काय, चहाले बी जागावरून उठणार नही मी. तुम्हीच आना."

बोनेट मी आठवड्यात परत मारलं. दिवाळीनंतर तिनं सावलीत बसून मेण लावलं, उतरवलं, परत लावलं. शेठ घ्यायला आले तर बोनेटमध्ये बघून त्यांनी भांग पाडला. त्यानंतर ती शेडमध्ये होती ती गुडघ्यांनी जवाब देईपर्यंत. किती गाड्या, मोजल्या नाहीत. भांडणं पण मोजली नाहीत. बरं गेलं आमचं. मला देवाकडे मागायचं काही राहिलेलं नाही, तिच्याशी एवढं बोलणं झालं आहे.

ती गेली आणि काही आठवड्यांनी दसरा आला. वर्षभर आम्हाला सण नाही. शेड आता दुसऱ्याच्या हातात आहे, तरी सकाळी पाय तिकडंच वळले. त्या गल्लीत आता गॅरेजंच गॅरेजं, बिहारची पोरं, ओरिसाची पोरं, आमच्याकडची थोडी. सगळ्यांनी हत्यारं मांडलेली. आणि गाड्यांना कुंकू लावलेलं, काचेवर. नवा रंग असो, जुना असो, काचेवर. रिक्षाच्या काचेवर, ट्रकच्या काचेवर, आणि स्कूटरला काच नाही म्हणून तिच्या आरशावर. एक गिऱ्हाईक विचारत होता, बोनेटवर का नाही करत? तर गॅरेजातला बिहारी पोरगा म्हणाला, "इस गली में ऐसे ही होता है, साहब." त्याला कोकिळा माहीत नाही. मीही सांगितलं नाही. काय सांगायचं... तो बरोबरच करत होता. मी पूजा केली नाही, हात मागं बांधून एकेक गाडी बघत गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेलो. एकाही बोनेटवर डाग नव्हता.