व्हायोलेट ओळखणाऱ्या मावशी

“मागून बघा,” असं म्हणत मावशी वाळलेलं फूल सुईच्या टोकानं अलगद उलटायच्या. “समोरून समद्याच गोड दिसत्यात.” हे फुलांबद्दल होतं की आमच्या विभागातल्या मॅडमांबद्दल, ते त्यांनी कधीच सांगितलं नाही.

पुण्यातल्या एका कॉलेजाच्या वनस्पतिशास्त्र विभागात त्या वाळवलेली झाडं कागदावर शिवायच्या. शिक्षण चौथी. वारजं तेव्हा खेडंच होतं. तिथून बसनं यायच्या. हिमालयातून आणलेल्या रानटी व्हायोलेटवर माझी पीएच.डी. चालली होती. तीन जाती, तिन्ही जांभळ्या, तिन्ही सारख्या. मी भिंग लावून तासभर बसायची. मावशी दोरा ओवता ओवता सांगायच्या, “हिची फुलामागची हिरवी पाती बोथट. ह्या दोघींची टोकदार. त्यातली पानाला शेंडा असलेली ही. आन् वाटोळ्या पानाची, म्हाताऱ्याच्या कानावानी केसाळ, ती ही.”

एकदा मी ऐटीत सगळ्या कागदांना नावं लावून गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी एक कागद बाजूला काढला. “ह्याचं तेल करा मॅडम. डोकं थंड राहतंय.”

खिडकीतल्या कुंडीतली ब्राह्मी त्यांनीच वाळवून माझ्या गठ्ठ्यात सरकवली होती. मी तिला व्हायोलेटचं लॅटिन नाव देऊन मोकळी झाले होते! चार दिवस विभाग हसत होता. तुमच्याही नोकरीत असं कुणीतरी असेलच.

परीक्षक यायच्या आदल्या दिवशी मी घाईत पंखा लावला आणि नावांच्या सुट्या चिठ्ठ्या खोलीभर उडाल्या. मी रडायलाच लागले.

“कागूद ओला करू नका,” म्हणत मावशींनी पंखा बंद केला आणि फतकल मारून बसल्या. संध्याकाळपर्यंत तीन सोडून सगळ्या चिठ्ठ्या जागेवर गेल्या. त्या तीन कागदांवर फुलंच नव्हती, नुसती किडीनं खाल्लेली पानं.

“लावा ना कुठलीही,” मी म्हटलं.

“मला कळत न्हाई. तुमाला कळतंय?”

“नाही.”

“मग तसंच सांगा की.”

दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी नेमके तेच कागद उचलले. “हे काय?”

“सांगता येत नाही, सर.”

त्यांनी बराच वेळ भिंगातून पाहिलं. “मलाही नाही,” म्हणाले, आणि सकाळपासून पहिल्यांदा हसले.

पेढे द्यायला गेले तेव्हा सहज विचारलं, “मावशी, जिवंत व्हायोलेट पाहिलंय कधी?”

“म्या कुठं बघणार?”

पुढच्या मार्चमध्ये मी पहाडातून एक कुंडी मांडीवर घेऊन आले. मावशी तेव्हा निवृत्त होऊन घरीच होत्या. अंगणात कुंडी ठेवली, वाऱ्याची झुळूक आली, आणि त्या लहान मुलीसारख्या ओरडल्या, “अगं बया! मान हालवतंय की!”

पुण्याच्या उन्हात ते झाड आठवडाभरच टिकलं. दुसऱ्या वर्षी मावशी गेल्या. घरच्यांना भेटायला गेले तेव्हा त्यांची सून म्हणाली, “फूल गळलं तवा मी म्हटलं, वाळवून ठिवू. तर नको म्हणाल्या. मातीतच ऱ्हाऊ दे म्हणाल्या, ह्याला तरी.”