फुटल्या त्या घरच्या

आमच्या सासूबाई करंजी उजेडाला धरून बघायच्या. नाताळच्या आदल्या आठवड्यातली दुपार, चारकोपच्या आमच्या घरातली गॅलरीकडची खोली, जमिनीवर अंथरलेली धुतलेली जुनी चादर आणि तिच्यावर निवत पडलेल्या करंज्या. चष्मा कपाळावर सरकवून त्या एकेक करंजी दोन बोटांत उचलायच्या, खिडकीकडे धरून हळूच फिरवायच्या आणि निकाल द्यायच्या. "ही जायची." मग पुढची. "ही राहायची." मुरड नीट बसलेली अख्खी करंजी शेजारीपाजारी जायच्या डब्यात पडे. तळताना तोंड उघडलेली, सारण सांडलेली, कडेला करपलेली घरच्या डब्यात. फुटल्या त्या घरच्या, हा त्यांचा नेम होता आणि त्याला अपील नव्हतं.

त्यांचं नाव सुलोचना, पण बिल्डिंगमध्ये त्यांना कुणी त्या नावाने ओळखत असेल असं मला वाटत नाही. नगरकडच्या एका खेड्यातून त्या नर्सिंग शिकायला बाहेर पडल्या, मुंबईत सरकारी दवाखान्यात लागल्या आणि निवृत्त झाल्यावरही सगळ्यांच्या 'सिस्टर'च राहिल्या. कुणाच्या पोराला ताप आला की आमचं दार वाजायचं. त्यांनी दिलेलं इंजेक्शन दुखत नाही अशी ख्याती होती. टोचून झाल्यावरही मुलं डोळे मिटून वाट बघत बसायची. घरात आम्ही त्यांना आईच म्हणायचो. सासरे मी या घरात येण्याआधीच गेले होते, त्यामुळे घरात आम्ही तिघंच: त्या, माझा नवरा विनय आणि मी.

मी मुलुंडची. मीही ख्रिस्तीच, पण माझ्या माहेरचा नाताळ म्हणजे छताला टेकलेलं झाड, खिडक्या भरून लुकलुकणाऱ्या माळा आणि कापताना जिवावर येईल असा नक्षीदार केक. लग्नानंतरच्या पहिल्या डिसेंबरात मी माळांची भलीमोठी पिशवी घेऊनच चारकोपला आले. आईंनी पिशवीत डोकावून बघितलं, छान आहेत म्हणाल्या, पिशवी कपाटावर ठेवली आणि माझ्या हातात लाटणं दिलं. आधी करंज्या, मग माळा, असं ठरलं. ती पिशवी ईस्टर येऊन गेला तरी कपाटावरच होती.

या घरात नाताळला एकच पदार्थ व्हायचा. चकली नाही, लाडू नाही, केक तर नाहीच. पण त्या एका पदार्थाला घरातल्या प्रत्येकाचा हात लागलाच पाहिजे. साचा नाही, कातणं नाही, मुरड बोटांनीच घालायची. विनयसुद्धा ऑफिसला दांडी मारून मांडी घालून बसायचा. कढई चढवण्याआधी आई डोळे मिटून प्रार्थना करायच्या, तीही दोन वाक्यांची. "प्रभू, हाताला वळण दे. नाही दिलंस तर खाणाऱ्याला हसायला दे." मला वाटायचं, ही दुसरी ओळ माझ्यासाठीच असावी. कारण माझ्या करंज्या तेलात पडल्या की पटापट तोंडं उघडायच्या. पहिल्या वर्षी घरचा डबा माझ्या एकटीच्या कर्तबगारीवर भरला.

आणि आईंच्या करंज्या! मुरड अशी की एखाद्या सराईत बाईने घातलेली वेणी. त्यांची फुटलेली करंजी मी कधी बघितलीच नाही. त्यामुळे त्यांच्या सगळ्याच्या सगळ्या बाहेर जायच्या. वरच्या मजल्यावरच्या कांबळेकाकूंकडे, रिक्षावाल्या यादवांकडे, वॉचमनकडे, चर्चमधल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे. पहिल्या वर्षी मी हळूच त्यांच्या एका करंजीकडे हात नेला, तर त्यांनी तो तिथेच अडवला आणि माझीच एक फुटकी माझ्या तळव्यावर ठेवली. "सारण एकाच पातेल्यातलं आहे गं. खा." विनय हसायला लागला. तो म्हणाला, मी एवढा मोठा झालो, पण आईच्या हातची करंजी अजून खाल्लेली नाही. मला तेव्हा हे फार विचित्र वाटलं होतं. आईच्या हातचं जगाने खायचं आणि मुलाने बायकोचं करपलेलं!

चोवीस तारखेच्या संध्याकाळी त्या धान्य पाखडायचं सूप घ्यायच्या. मे महिन्यात आंब्याच्या पेटीतून निघालेलं गवत त्या पावसाळाभर माळ्यावर कोरडं जपून ठेवत. ते सुपात पसरलं की झाली गव्हाण. त्यात मातीचं एवढंसं बाळ. शेजारी एक मेंढरू, त्याचा एक पाय माझ्या येण्याआधीच मोडलेला होता आणि ते त्यांनी गवतात असं बसवलं होतं की निजल्यासारखं वाटे. गॅलरीत कामट्यांची, पतंगाच्या कागदाची चांदणी. खाडीकडून खारट गारवा यायचा, चांदणी मंद फिरायची, घरभर वेलचीचा आणि आंब्याच्या जुन्या गवताचा मिळून एक वास भरायचा. ते सगळे डिसेंबर आता माझ्या मनात एकमेकांत विरघळून गेले आहेत. कुठली संध्याकाळ कुठल्या वर्षाची, ते सांगता येत नाही. एकच लांबलचक संध्याकाळ आहे आणि तिच्यात आई सूप पुसत बसल्या आहेत.

आमची कृपा शाळेत जायला लागल्यावर माझ्या मनातलं झाड पुन्हा वर आलं. तिच्या वर्गात सगळ्यांकडे झाड होतं, झाडाखाली भेटी होत्या आणि आमच्याकडे सूप. कृपाने रडून डोळे सुजवले, मीही तिची बाजू घेतली. आई भांडल्या नाहीत. "आण की झाड. बाळ गोठ्यात आलं म्हणून आपण काही गोठा बांधत नाही घरात. पण झाडाखाली काय ठेवायचं, ते तू ठरव." कृपाने दोन दिवस विचार केला. शेवटी झाड आलं, गुडघ्याएवढं, आणि त्याच्याखाली शेजाऱ्यांना द्यायचे करंज्यांचे डबे रांगेत लागले. कुणाचा डबा कुठला हे आता तीच ठरवायची आणि दारोदार तीच जायची. नवी खेळणी मागायची तिला आठवणच राहिली नाही, असं मी म्हणणार नाही. मागितली. पण जानेवारीत.

मग एका वर्षी आईंच्या बशीतला चहा सांडायला लागला.

आधी उजवा हात थरथरू लागला, मग डावा. डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं, गोळ्या दिल्या, हे बरं होणारं नाही हेही सांगितलं. आईंनी ते एखाद्या दुसऱ्याच पेशंटबद्दल ऐकावं तसं ऐकून घेतलं. मला मात्र डिसेंबरची भीती वाटू लागली. ज्या हाताचं टोचणं पोरांना कळत नव्हतं, तो हात आता मुरड कशी घालणार? यंदा करंज्या विकतच आणू या का, असं मी विनयशी बोलून बघितलं. तो म्हणाला, तूच सांग तिला. मी अर्थातच सांगितलं नाही.

त्या दुपारी त्या नेहमीसारख्या बसल्या. पारी हातात थरथरत होती, सारण मांडीवर सांडत होतं. मुरड एका टोकाला जमली की दुसऱ्या टोकाला सुटायची. आम्ही कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतो, इतकं न बघणं की त्यांना ते कळलंच असणार. तळून झालं, चादरीवर करंज्या निवल्या आणि त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. पहिली त्यांचीच हाती आली. उजेडाला धरली. करंजीही हलत होती आणि खिडकीतला उजेडही हलल्यासारखा वाटत होता. "ही राहायची." दुसरी. "ही राहायची." एकीमागून एक त्यांच्या करंज्या घरच्या डब्यात पडत होत्या आणि माझ्या, इतक्या वर्षांच्या सरावाने सुधारलेल्या, बाहेरच्या डब्यात.

मला ते बघवेना. त्या पाणी प्यायला वळल्या तेवढ्यात मी त्यांच्यातल्या जरा बऱ्या दिसणाऱ्या दोन उचलून कांबळेकाकूंच्या डब्यात सरकवल्या. नर्सची नजर ती. परत वळल्या, डब्यात हात घातला आणि त्या दोन्ही बाहेर काढल्या.

"शीला, माझ्यासाठी नेम मोडू नकोस," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "जिथं आपल्यासाठी नेम मोडतात ना, तिथं आपण पाहुणे होतो. मला या घरात पाहुणी नाही व्हायचं."

मी खाली मान घालून झारा पुसत बसले. विनयने मात्र घरचा डबा पुढे ओढला, त्यातली आईची एक करंजी घेतली आणि खाल्ली. आयुष्यात पहिल्यांदा. मग आणखी एक घेतली. आईंनी विचारलं, कशी आहे. तो म्हणाला, नेहमीसारखीच. "मग मी इतकी वर्षं काय सांगतेय?" असं म्हणून त्या हसल्या आणि हसताना तो थरथरणारा हात त्यांनी त्याच्या गुडघ्यावर ठेवला. तिथे तो थोडा वेळ शांत राहिला.

नाताळच्या दिवशी सकाळी कांबळेकाकू खाली आल्या. या बाई मूळच्या सोलापूरकडच्या, विम्याच्या ऑफिसातून निवृत्त झालेल्या, तोंडाने फटकळ. आंबेडकर जयंतीला त्यांच्याकडची खीर आमच्याकडे यायची आणि नाताळला आमच्या करंज्या त्यांच्याकडे जायच्या. दोन्ही घरांत रिकामा डबा परत द्यायची पद्धत नव्हती, पण आज त्या भरलेलाच डबा परत घेऊन आल्या होत्या.

"सिस्टर, ह्या तुमच्या नाहीत," त्या दारातूनच म्हणाल्या. "मुरड मी ओळखत नाय काय? ह्या शीलाच्या आहेत. चांगल्या आहेत, मी नाय कुठं म्हणते? पण तुमच्या कुठायत?"

आईंनी सांगितलं, माझ्या यंदा फुटल्या. हात बघतेस ना. फुटकी बाहेर कशी देऊ?

काकूंनी डबा टेबलावर ठेवला. "मी बाहेरची का हो?"

आईंनी माझ्याकडे बघितलं, सुपातल्या मोडक्या मेंढराकडे बघितलं आणि मग उठून स्वतःच्या हाताने घरचा डबा आणला. झाकण निघेना. काकूंनी मदत केली नाही, नुसत्या उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने झाकण निघालं. काकूंनी तोंड उघडलेली, निम्मं सारण गेलेली एक करंजी निवडून घेतली, तिथेच उभ्यानं खाल्ली आणि बोटं चाटत म्हणाल्या, "झकास आहे." नेम मोडला नव्हता. घर तेवढं एका मजल्याने वाढलं होतं.

त्यानंतर आई दोन नाताळ आमच्यात होत्या. शेवटच्या वर्षी त्यांना लाटणंही धरवत नव्हतं. कृपा पारी त्यांच्या तळव्यावर ठेवायची, सारण भरायची आणि आई नुसती कड दाबायच्या. त्या सगळ्या फुटल्या. कृपाने एकेक करंजी आजीच्या डोळ्यांसमोर खिडकीकडे धरली आणि आजीने ओठांनीच सांगितलं, राहायची. नाताळच्या दिवशी त्यांना खुर्चीत बसवून आम्ही चर्चला नेलं. गायन सुरू असताना त्या डोळे मिटून होत्या. झोपल्या की ऐकत होत्या, कळलं नाही. गॅलरीतली चांदणी उतरायच्या आधीच, नव्या वर्षातल्या एका सकाळी त्या तशाच डोळे मिटून गेल्या. विनयने हात हातात घेतला तेव्हा तो थरथरत नव्हता आणि त्यावरूनच त्याला कळलं.

दफनविधी उरकून आम्ही घरी आलो. कांबळेकाकूंनी पिठलं-भाकरी करून ठेवली होती, पण कुणाला घास जाईना. कृपाने फळीवरचा घरचा डबा काढला. तळाशी एकच करंजी उरली होती, आजीची. तिने ती पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळली आणि शोकेसमध्ये ठेवायला निघाली. मलाही तेच करावंसं वाटत होतं. इतकी वर्षं ज्यांच्या हातचं आमच्या वाट्याला आलं नाही, त्यांचं हे शेवटचं. ते तरी राहू दे.

"ठेवू नकोस, बाळा. मुंग्या लागतील," काकू म्हणाल्या.

कृपा थबकली. मग तिने ताटली आणली आणि करंजीचे चार तुकडे केले. विनयला, मला, काकूंना, स्वतःला. मी तो तुकडा जिभेवर ठेवला आणि वेगळं काहीतरी शोधू लागले, त्यांच्या हाताचं काही, फक्त त्यांचंच असं. खोबरं होतं, वेलची होती, थोडी खसखस. माझ्या करंजीत असतं तेच. मला तेव्हा रडू आलं, दवाखान्यात नाही, दफनभूमीत नाही, तिथे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर.

गेल्या नाताळला चादर अंथरून निवाडा करायला मीच बसले. माझी एकही फुटली नाही. कृपाच्या बऱ्याच फुटल्या. तिचं लक्ष फोनमध्ये होतं. माझ्यातल्या चांगल्या निवडून मी काकूंचा डबा भरून ठेवला. संध्याकाळी त्या आल्या, भरलेल्या डब्याकडे बघून मान डोलावली आणि न विचारता फळीवरचा घरचा डबा काढून उघडला.