पापांना घेऊन या

बाबांची मिल बंद पडली त्या वर्षी मला दुसऱ्यांदा दिवस राहिले. मुलगा अजून अंगावर पीत होता आणि नवऱ्याची नोकरी कच्ची होती. आम्ही जुन्या इंदूरमधल्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. नवरा बाहेर बाकावर बसला. त्याला कुणी आत बोलावलंही नाही. तांबी असूनही राहिलं म्हटल्यावर बाई हसून म्हणाल्या, "हो जाता है." गर्भ काढून संध्याकाळी मी घरी होते. सासूबाईंनी गरम शिरा करून दिला आणि आठवडाभर मला बादली उचलू दिली नाही.

पुढच्याच वर्षी माझी धाकटी बहीण माझ्यासमोर तशीच बसली होती. तिला एकविसावं संपत आलं होतं. भंवरकुआंला तेव्हा कोचिंग क्लास नवे नवे निघत होते, त्यातल्या एकाच्या काउंटरवर ती कामाला होती. मिल गेल्यापासून घर तिच्याच पगारावर चालायचं. तिथे शिकवणारा एक मुलगा तिच्याशी लग्नाचं बोलत होता. हिने दिवस राहिल्याचं सांगितल्यावर तो गावी गेला, तो परतलाच नाही.

ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "ताई, बाबांना कळायला नको. त्यांना मिलचं दुःख पुरे आहे."

मी निर्धास्त होते. डॉक्टर ओळखीच्या, हात चांगला. मी तिला तिकडेच नेलं. मिस्टर आले नाहीत का, असं बाईंनी सवयीनं विचारलं. बहिणीनं सरळ सांगितलं की लग्न झालेलं नाही. त्यानंतर बाई तिच्याशी बोलल्याच नाहीत, माझ्याकडे बघून म्हणाल्या, "शादी नहीं हुई? तो पापा को लेकर आइए. उनके साइन के बिना मैं हाथ नहीं लगाऊँगी."

ती सज्ञान आहे, मी थोरली बहीण आहे, मी सही करते, असं मी परोपरीनं सांगितलं. बाईंनी तिला बाहेर बसायला लावलं आणि मला समजावलं की मुलाला गाठून लवकर लग्न उरका. वर्षभरापूर्वी त्याच टेबलावर मला कुणी काही समजावलं नव्हतं.

आणखी दोन ठिकाणी गेलो. तिथेही तेच. मग बहिणीनं मला विचारणं सोडलं. कोचिंगमधल्या कुणीतरी पत्ता दिला आणि ती एकटीच शहराच्या दुसऱ्या टोकाला, घरात हे काम करणाऱ्या एका बाईकडे जाऊन आली. मला कळलं ते तिला ताप चढल्यावर. तोवर अंथरूण रक्तानं भिजलं होतं. बाबांना अपेंडिक्स म्हणून सांगितलं आणि मी नि माझ्या नवऱ्यानं तिला रिक्षात घालून मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथे तापाचं कुणी आधी विचारलं नाही. नर्सनं विचारलं, "शादीशुदा है?" बहीण शुद्धीत नव्हती. मी हो म्हटलं. मग तिनं पती कोण, असं विचारलं. नवरा मागे उभा होता. तो पुढे झाला आणि म्हणाला, "मैं हूँ."

मग स्ट्रेचर आलं. नर्सचा आवाज मऊ झाला. बहीण वाचली, गर्भाशय मात्र काढावं लागलं.

सज्ञान मुलीला बापाची सही लागत नाही, तिची स्वतःची पुरते, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. साधन फसल्याची सबब मात्र तेव्हाच्या कायद्यानं फक्त लग्न झालेलीलाच दिली होती. म्हणजे माझी तांबी फसली ती चूक नव्हती. बहिणीचं मात्र ते पाप होतं.

पुढे तिला स्थळं येत राहिली. महूची एक मंडळी तर पसंतीच कळवून गेली. ती प्रत्येकाला नाही म्हणाली. खोटं बोलून लग्न करायचं नाही आणि खरं कुणाला सांगायचं नाही, एवढं तिनं ठरवलं होतं. नात्यातल्या बायका हळहळायच्या की मिल बंद पडली, घर पोरीच्या गळ्यात आलं, म्हणून बिचारी राहिली.

बाबांचाही तोच समज झाला. शेवटच्या आजारपणात ते तिचा हात धरून म्हणाले, "माझ्या मिलनं तुझा संसार खाल्ला गं."

तिनं हात सोडवून घेतला नाही. म्हणाली, "हो बाबा."