हळदीची गाणारीण

सिल्वासातल्या आमलीत खानदेशातली माणसं पुष्कळ. कारखान्यांच्या कामावर आली आणि इथलीच झाली. त्यांच्यात लग्न ठरलं की नवरीच्या आईला भटजीच्या आधी दुर्गाची काळजी. ती मिळेल ना हळदीला?

दुर्गा शिंदखेड्याकडची. लग्न होऊन इथे आली तेव्हा नवरा गोकुळ राखोलीला एका यार्न कंपनीत होता. सुटीच्या दिवशी ढोलकी वाजवायचा. दुर्गाकडे आईची, आजीची हळदीची गाणी होती. शेजारच्या झुंबरबाईंच्या दिराच्या हळदीला ती सहज म्हणून गायला बसली आणि बायका घरी जायचं विसरल्या. मग बोलावणी येऊ लागली. गलोंड्याहून, राखोलीहून, पार वापीहून. गोकुळने माइक आणि स्पीकर घेतला. फोनवर तारखा तोच ठरवायचा. दुर्गाने कारखान्यातलं पॅकिंगचं काम सोडलं. "गाण्यावर घर चालतं आमचं," हे गावाकडे सांगताना तिचं तिलाच हसू यायचं.

तिची खरी करामत नावं गुंफण्यात होती. हळद लावायला कोण पुढे येतंय ते बघायचं आणि आत्या असो, मामी असो, तिचं नाव घेऊन तिथल्या तिथे एक चिमटा काढायचा. ती बाई लाजायची, मांडव हसायचा.

आमलीतच एका मोबाइलच्या दुकानावर ओंकारचा छोटासा स्टुडिओ होता. त्याने तिचं एक गाणं रेकॉर्ड केलं. त्यात हळद नवरीला समजावते, अगं, मलाही माझ्या मातीतून उपटूनच आणलंय, तू नको रडू. व्हिडिओत नाचायला दुसरीच मुलगी होती. दुर्गाला त्याचं काही वाटलं नाही. गाणं धुळे-नंदुरबारपर्यंत वाजू लागलं, बोलावणी वाढली. तिला तेवढं पुरे होतं.

आणि एका वर्षी, दिवाळी होऊन लग्नसराई तोंडावर आली असताना, गोकुळ कामावरच छातीत कळ येऊन कोसळला. दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं.

फाल्गुनात दुर्गाने मन घट्ट करून पुन्हा माइक काढला. फोन मात्र वाजेना. ठरलेल्या तारखांचीही माणसं गप्प झाली होती. शेवटी तिने झुंबरबाईंना विचारलं, "माझं गाणं बिघडलं का वं, बाई?"

झुंबरबाईंचा भांडी घासणारा हात थांबला. "तुना आवाजले कोन नाव ठेवी? पन हळद सवाशिनीसनी ऱ्हास, दुर्गा. लोके भेतस."

दुर्गा उठून घरी आली.

वैशाखात राखोलीचा प्रसाद आला. त्याच्या बहिणीची हळद होती. "ताई, तुम्हीच गायचं. फक्त... आतल्या खोलीत बसाल का? माइक आत देतो. आवाज मांडवात येईलच. आजीचं मन मोडवत नाही हो."

ती गेली. आहेराच्या साड्यांच्या पिशव्या सारून तिला जागा करून दिली होती. दार अर्धं लोटलेलं. पहिली दोन गाणी नीट झाली. मग नावांचं गाणं आलं. हळद कोण लावतंय ते तिला दिसेना. अंदाजाने तिने आत्याला चिमटा काढला. बाहेर एकदम शांतता. तेव्हा हळद लावत होती नवरीची आई, आणि ती रडत होती.

"आता कोण आहे पुढे?" दुर्गाने दाराकडे बघून विचारलं. माइक चालूच होता. सगळा मांडव हसला.

"अरे, मोबाइलवरच लावा ना दुर्गाबाईंचं गाणं!" कुणीतरी ओरडलं.

गाणं लागलं. तिचाच आवाज, मागे गोकुळची ढोलकी. पोरी नाचू लागल्या. थांबा म्हणून सांगायलासुद्धा आत कुणी आलं नाही. दुर्गाने माइक बंद केला आणि गाणं संपेपर्यंत तशीच बसून राहिली.

प्रसाद ताट घेऊन आला. नजर खाली. "ताई, जेवून जा."

"पोट भरलं रे दादा."

त्यानंतर ती गलोंड्याला पॅकिंगच्या कामावर लागली. ओंकारने दोनदा बोलावलं, ती गेली नाही.

पुढच्या वर्षी झुंबरबाईंच्या केतकीचं लग्न ठरलं. पोरगी दुर्गाच्या अंगाखांद्यावर वाढलेली. येऊन म्हणाली, "मावशी, तू मांडवात, माझ्यासमोर बसून गायचं. नाहीतर मी हळदच लावून घेणार नाही." झुंबरबाईही मागे उभ्या होत्या. "मी समदासले सांगसु," त्या म्हणाल्या.

दुर्गानेच नकारार्थी मान हलवली. "उद्या तुझ्या घरी साधा कुणाला ताप आला, तरी तुझी सासू माझं नाव घेईल. आणि तिचं सोड, माझ्याच मनात येईल."

"तुला खरंच असं वाटतं?"

"आधी नव्हतं वाटत."

केतकी तिच्या गळ्यात पडून रडली. दुर्गाने तिचे डोळे पुसले, पण शब्द फिरवला नाही.

हळदीच्या दिवशी दुर्गा कामावर गेली. खोके चिकटवता चिकटवता शेजारच्या बाईने विचारलं, "आज तुमच्या शेजारी हळद आहे ना? गेल्या नाहीत?"

"सुटी नाही मिळाली," दुर्गा म्हणाली, आणि नखाने चिकटपट्टीचं टोक शोधू लागली.