आठाच्या आकड्यात रामराम

चहा येईपर्यंत सांगून टाकतो, म्हणजे तुमचं हसून होईल आणि माझा चहा गरम राहील. मी मोटारसायकलच्या लायसनच्या परीक्षेत नापास झालोय. गाडी घसरली म्हणून नाही, बंद पडली म्हणून नाही. नमस्कार करताना!

नव्वद सालानंतरची गोष्ट. आमच्या पिंपरी पेंढारात मोटारसायकली आल्या होत्या, लायसनं यायची होती. सहा वर्षं मी बिनलायसनचा हिंडलो. कोण विचारतंय? आणि आमच्याकडे रस्त्यात ओळखीचा माणूस दिसला की हात वर करून रामराम घालायचाच. नाही घातला तर संध्याकाळपर्यंत गावभर होतं, गाडी घेतल्यापासून लई चढलाय. आता मला सांगा, गावात अनोळखी कोण? माझी गाडी निम्मा वेळ एका हातावरच चालायची.

अशाच एका रामरामानं घात केला. माझी बायको सुनंदा मागे बसलेली, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ओतूरच्या वळणावर मी कुणाला तरी हात केला आणि चाक खडीवर गेलं. मला खरचटलंसुद्धा नाही. तिचं मनगट मोडलं. प्लास्टर होईपर्यंत ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. फार वाईट वाटलं हो.

सासरे वारूळवाडीहून आले आणि तिला घेऊन गेले. भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "पावणं, माझी पोरगी आता लायसनवाल्याच्याच गाडीवर बसंल. लायसन काढा, मग न्यायला या."

मीही ठरवलं, लायसन झाल्याशिवाय वारूळवाडीला तोंड दाखवायचं नाही. कागदपत्रं जमवण्यातच महिना गेला. मग शिकाऊ लायसन काढलं, हेल्मेट घेतलं, खळ्यात फक्की टाकून महिनाभर आठाचा आकडा गिरवला. आई म्हणायची, शाळेत एवढं गिरवलं असतंस तर मास्तर झाला असतास. आणि शपथ घातली, हँडलवरचा हात काढून रामराम आयुष्यात बंद.

नारायणगावात महिन्यातून एकदा लायसनचा कॅम्प लागायचा. मैदानावर फक्कीचा भलामोठा आठ. परीक्षा घेणाऱ्या आरटीओच्या साहेबांनी आधीच बजावलं होतं, पाय टेकला की नापास. माझा नंबर आला. पहिलं वेटोळं असं सुरेख घेतलं की विचारू नका. दुसऱ्याला वळलो, तर समोर लिंबाखाली कोण? सासरे!

आली का पंचाईत? रामराम न घालता पुढून गेलो, तर जावई माजलाय. एक हात सोडून घातला, तर जावई सुधारला नाही. मग मला अक्कल सुचली. हात सोडायचाच नाही, रीतसर थांबायचं. थांबलो. पाय टेकला. स्टँड लावला. हेल्मेटसकट वाकून सासऱ्यांच्या पाया पडलो.

सासरे दोन पावलं मागे सरले. "कोन म्हनायचं?"

हेल्मेटात मला त्यांनी ओळखलंच नव्हतं! सरळ गेलो असतो तर पास होतो.

साहेब वही घेऊन आले. मला वाटलं, आता ओरडतात. त्यांनी एकदा सासऱ्यांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "सासरे का?" म्हणाले. "मलाही आहेत. पण नापास."

हेल्मेट काढलं तेव्हा माझं तोंड एवढंसं झालं होतं. म्हटलं, मामा, तुम्ही माझ्यासाठी इथवर आलात आणि मी असा.

"तुमच्यासाठी नाय," सासरे म्हणाले. "सुनंदाचा नंबर हाय."

बघतो तर सासऱ्यांच्या जुन्या स्कूटरवर सुनंदा! प्लास्टर निघाल्यापासून माहेरी तिनं हाच उद्योग केला होता. पदर खोचलेला, हेल्मेटचा पट्टा बांधलेला. माझ्यासमोरून गेली तेव्हा सवयीनं माझा हात वर गेला. तिनं मानसुद्धा वळवली नाही. दोन्ही हात हँडलवर, नजर पुढे. आठ पुरा झाला. पास!

सासऱ्यांनी माझ्या गाडीची किल्ली मागून घेतली आणि बंडीच्या खिशात टाकली. मी पास होईपर्यंत गाडी वारूळवाडीत. मग लेकीला म्हणाले, "ने यांना घरी. सांभाळून."

सुनंदानं मला हेल्मेट घालायला लावलं, पट्टा स्वतः आवळून बांधला. त्याच मनगटानं. मी मुकाट्यानं मागे बसलो.

आळेफाटा मागे पडला आणि ओळखीची माणसं सुरू झाली. बायकोच्या मागे बसलेलं कुणी बघायला नको म्हणून मी मान खाली घातली. सुनंदा पुढूनच म्हणाली, "अवं, आता घाला की खुशाल रामराम. दोन्ही हात मोकळे हायेत तुमचे."

ती परत आली होती, आता लाज कसली? घातले. पिंपरी पेंढार येईपर्यंत दोन्ही हात वर करकरून घातले. एकानंही परत हात केला नाही. सगळं गाव माझ्यावर रुसलंय असंच वाटलं मला, पार दारात उतरल्यावर आईनं "ह्यो कोन आनलास गं?" असं सुनंदाला विचारेपर्यंत.